लघुपट, स्पर्धा आणि 'सामाजिक' : आभासी प्रदर्शनाच्या निमित्ताने

एखाद्या जिल्ह्याच्या गावातील चित्रपट मंडळाने भरवलेली लघुपट-स्पर्धा हा साहित्यसमीक्षेला वाहिलेल्या नियतकालिकाने दखल घ्यावी असा विषय आहे काय, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. अशा स्पर्धेचा वृत्तांत वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर येतो, पारितोषिक-विजेत्यांचे छायाचित्र येते आणि विषय संपतो. परंतु मराठी कथेचा विचार मासिकांना वगळून करता येत नाही आणि मराठी एकांकिकेचा विचार आंतरमहाविद्यालयीन करंडकांना वगळून करता येत नाही, हे आपण एव्हाना मान्य केले आहे. कलाकृती ज्या व्यवस्थेतून वाचकापर्यंत वा प्रेक्षकापर्यंत पोहोचते ती व्यवस्था कलाकृतीच्या घाटातही उतरते. आज लघुपट करणारा तरुण दिग्दर्शक पहिल्यांदा पाहिला जातो तो बहुधा एखाद्या स्पर्धेत, आणि तोही बहुधा एका दुव्यावर, एकट्या परीक्षकाकडून. या दोन गोष्टींनी लघुपटाच्या रूपाचे काय केले आहे, एवढाच प्रश्न येथे विचारायचा आहे. प्रस्तुत लेखक अशा एका मंडळाच्या स्पर्धेत काही वर्षे प्राथमिक फेरीचा परीक्षक राहिला आहे; त्यामुळे तटस्थतेचा दावा त्याला करता येणार नाही.

आपल्याकडील फिल्म सोसायटी चळवळीचा इतिहास सर्वपरिचित आहे. त्यातील एकाच मुद्द्याकडे लक्ष वेधतो. १९४७ साली कलकत्ता फिल्म सोसायटी निघाली, १९५९ साली सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया स्थापन झाले, १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले, १९६८ साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. फेडरेशनच्या उभारणीत विजया मुळे यांच्यासारख्या मराठी बाईंचा मोठा वाटा होता, हे आपण सहसा विसरतो. या संस्थांपैकी कोणीही चित्रपटांना क्रमांक देण्यासाठी जन्माला आलेले नव्हते. वकिलातींकडून वा संग्रहालयाकडून आलेल्या प्रती मिळवाव्यात, एखादे सभागृह भाड्याने घ्यावे, चित्रपट दाखवावा आणि नंतर त्यावर बोलावे, एवढेच त्यांचे काम होते. सदस्यांपुरत्या प्रदर्शनाला सेन्सॉरच्या प्रमाणपत्रातून सूट असल्यामुळे सत्तरीच्या दशकात अनेक सदस्य कोणत्या अपेक्षेने वर्गणी भरत, हा चळवळीतील जुना विनोद आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण अशा अपेक्षेने आलेला सदस्यसुद्धा इतरांच्या शेजारी बसून बर्गमन पाहत असे आणि निराश होण्याची क्रियाही सामूहिकच असे. थोडक्यात, चित्रपट मंडळ हे प्रेक्षक घडवण्याचे ठिकाण होते. स्पर्धा भरवू लागल्यावर ते कलाकृती तोलण्याचे ठिकाण झाले. हा पालट वरवर दिसतो त्यापेक्षा मोठा आहे, कारण तोलायचे म्हटले की काटा लागतो, आणि काटा आला की माल काट्यासाठी तयार होऊ लागतो.

दुसरा पालट २०२० सालचा. त्या वर्षीच्या मार्चमध्ये चित्रपटगृहे आणि सभागृहे बंद झाली. जर्मनीतील ओबरहाउझेनचा लघुपट महोत्सव १९५४ पासून चालत आलेला. त्यानेही त्या वर्षीचा मे महिन्यातील महोत्सव महाजालावर भरवला. ओबरहाउझेनचे नाव मुद्दाम घेतले. १९६२ साली याच महोत्सवात २६ तरुणांनी जाहीरनाम्यावर सह्या करून जुना जर्मन चित्रपट संपला असे घोषित केले होते. लघुपट ही मोठ्या चित्रपटाची शाळा आणि प्रयोगभूमी झाली आहे, असे त्यांनी त्यात म्हटले होते. असा महोत्सव पडदा सोडून दुव्यांवर आला, त्याच सुमारास आपल्याकडील लहानलहान मंडळांनीही सदस्यांना दुवा आणि परवलीचा शब्द पाठवून 'आभासी प्रदर्शने' सुरू केली. ठरलेल्या मुदतीत चित्रपट ज्याने त्याने आपल्या सोयीने पाहावा आणि रविवारी संध्याकाळी संगणकाच्या पडद्यावर चौकटी-चौकटींत बसून चर्चा करावी, अशी ती पद्धत होती. पुढे सभागृहे उघडली आणि अंतिम फेरी सभागृहात परतली. प्राथमिक फेरी मात्र दुव्यावरच राहिली. ती स्वस्त पडते, परीक्षकांना गावी बोलवावे लागत नाही, प्रवेशिका कितीही आल्या तरी चालते. म्हणजे आता जे कायमचे आभासी झाले आहे ते प्रदर्शन नसून परीक्षण आहे. सभागृहात कोणते लघुपट पोहोचतील हे ठरवणारा माणूस ते घरी, एकटा, बऱ्याचदा जेवणानंतर, लॅपटॉपवर पाहत असतो.

त्याच्यासमोर एक गुणपत्रिका असते. कथा, पटकथा, दिग्दर्शन, अभिनय, छायालेखन, संकलन, ध्वनी, आणि शेवटी बहुतेक ठिकाणी 'सामाजिक संदेश' असे रकाने तिच्यात असतात. ही गुणपत्रिका म्हणजे एक अलिखित सौंदर्यशास्त्र आहे. कलाकृती ही घटकांची बेरीज असून प्रत्येक घटक सुटा करून मोजता येतो, हे तिचे पहिले गृहीतक. मर्ढेकरांनी लयतत्त्वाची मांडणी करून अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. संवाद, विरोध आणि समतोल हे घटकांमधील संबंध आहेत आणि सौंदर्य त्या संबंधांत असते, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या मांडणीतील उणिवा पुढे रा. भा. पाटणकरांनी दाखवून दिल्या. परंतु घटक सुटे करून त्यांना दहापैकी गुण द्यावेत असे या वादातील कोणत्याही पक्षाने म्हटल्याचे स्मरत नाही. दुसरे गृहीतक अधिक घातक आहे. कथा हा पहिला रकाना, संदेश हा शेवटचा. म्हणजे चित्रपटाचा आरंभ कथेत आणि पर्यवसान विधानात. मधले सगळे त्या दोहोंना जोडणारे वाहन. ध्वनीला गुण असतात, पण ते ध्वनी 'स्वच्छ' आहे की नाही याचे. ध्वनीच आशय असू शकतो, ही शक्यता रकान्यांच्या आखणीतच पुसली गेलेली असते.

अशा काट्यासाठी कोणता लघुपट तयार होतो? ज्यांनी काही काळ हे काम केले आहे त्यांना तो डोळे मिटून सांगता येईल. पहिल्या मिनिटात पात्राची परिस्थिती, मग संशयाला जागा देणारे एखादे वर्तन, पार्श्वसंगीताचा चढत जाणारा पियानो, आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात उलगडा. ज्याला आपण चोर समजत होतो तो मुलाच्या औषधासाठी धडपडणारा बाप निघतो. म्हातारी ज्याच्याशी बोलते आहे तो मुलगा केव्हाच मेलेला असतो. पडदा काळा होतो आणि पांढऱ्या अक्षरांत एक वाक्य उमटते. मराठी वाचकाला हा साचा ओळखीचा वाटायला हरकत नाही. 'प्रतिभासाधन' (१९३१) आणि त्यानंतरच्या लेखनातून ना. सी. फडके यांनी जे कथातंत्र मराठीत रूढ केले, त्यातील गुंतागुंत, निरगाठ आणि उकल आता कॅमेऱ्याच्या साह्याने पुन्हा अवतरली आहे. १९४५च्या सुमारास गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांनी ज्या तंत्रापासून कथेची सुटका केली, त्याच तंत्राने पाऊणशे वर्षांनी लघुपटाला गाठावे, यात एक प्रकारचा काव्यात्म न्याय आहे. फक्त तो अन्याय आहे. मधला दुवा बहुधा एकांकिकेचा असावा. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धांनी मराठी रंगभूमीला नट, लेखक आणि दिग्दर्शक दिले हे निर्विवाद. परंतु एकामागून एक एकांकिका पाहणाऱ्या परीक्षकाच्या लक्षात राहण्यासाठी शेवटी झटका द्यावा लागतो, हा धडाही तिथेच गिरवला गेला. लघुपट करणारी अनेक मुले-मुली एकांकिकेतून येतात आणि तो धडा सोबत आणतात.

कलाटणी हाच दोष, असे मात्र मला म्हणायचे नाही. क्रिस मार्कर यांच्या 'ला जेते' (१९६२) या अर्ध्या तासाहून थोड्या कमी लांबीच्या लघुपटाइतकी पक्की कलाटणी क्वचितच कोठे असेल. लहानपणी विमानतळावर पाहिलेला मृत्यू आपला स्वतःचाच होता, हे नायकाला अखेरच्या क्षणी कळते. पण हा लघुपट जवळजवळ संपूर्णपणे स्थिरचित्रांचा आहे. गोठलेला क्षण आणि वाहता काळ यांचा विरोध तिथे प्रत्येक चित्रात सतत चालू असतो. शेवटचा उलगडा हा त्या विरोधाचाच शेवटचा फेरा असतो. बाहेरून आणलेली माहिती तिथे नसते. म्हणूनच तो लघुपट दुसऱ्यांदा, पाचव्यांदा पाहता येतो. त्यात एकाच ठिकाणी चित्र हलते : झोपलेली स्त्री डोळे उघडते. प्रस्तुत लेखकाने हा लघुपट एकदा आभासी प्रदर्शनात पाहिला तेव्हा आमच्याकडील महाजालाची जोडणी मधूनमधून तुटत होती. स्थिरचित्र हे मार्कर यांनी स्थिर ठेवले आहे की तुटलेल्या जोडणीने, हे कळायला मार्ग नव्हता. आणि स्त्रीने डोळे उघडले तेव्हा जोडणी सुरळीत झाली, असे क्षणभर वाटून गेले. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट आहे खरी, पण तिचा विसर पडू नये. ज्या माध्यमात अडथळा आणि रूप यांतील सीमाच पुसली जाते, तिथे त्या रूपाचे परीक्षण कसे व्हायचे?

सत्यजित राय यांचा 'टू' (१९६४) हे दुसरे उदाहरण. अमेरिकेतील दूरचित्रवाणी-मालिकेसाठी केलेला, पंधरा मिनिटांच्या आतबाहेरचा हा लघुपट संवादाविना आहे. हवेलीतील श्रीमंत मुलगा आणि खालच्या झोपडीतील गरीब मुलगा खिडकीतून एकमेकांशी स्पर्धा करतात. एकाची बासरी तर दुसऱ्याची खेळण्यातली तुतारी, एकाचा मुखवटा तर दुसऱ्याचाही. पतंगाला उत्तर सापडत नाही म्हणून श्रीमंत मुलगा तो छऱ्याच्या बंदुकीने फाडतो. तो जिंकला आहे; यंत्राची खेळणी खोलीभर आवाज करीत फिरत आहेत; आणि त्या आवाजातून बाहेरची बासरी पुन्हा ऐकू येते. चालणारा यंत्रमानव ठोकळ्यांचा मनोरा पाडतो. कोणतीही माहिती येथे उघड होत नाही. आधी ऐकलेला एक स्वर परत येतो, एवढेच घडते. पण तो परत येण्यासाठी मधल्या गोंगाटाने त्याला पुरते झाकले असले पाहिजे, आणि ते झाकणे आपण सोसलेले असले पाहिजे. मर्ढेकरांच्या परिभाषेत हा विरोधलय आहे; आणि तो डोळ्यांपेक्षा कानांनी घडवलेला आहे.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येतो. एका वर्षी प्राथमिक फेरीत अठरा-एकोणीस मिनिटांचा एक लघुपट आला. तालुक्याच्या बसस्थानकावर शेवटची गाडी निघून गेल्यानंतर मागे राहिलेला एक वयस्क माणूस आणि एक तरुण मुलगी, दोघे अनोळखी. मोजकी चार-पाच वाक्ये. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी. कॅन्टीनवाला आवराआवर करतो, कुलूप लावतो, सायकलवरून निघून जातो. मग दोघे बसून राहतात आणि थोड्या वेळाने मुलगी आपली पिशवी उचलून दोन बाकडी अलीकडे, म्हाताऱ्याच्या जवळ येऊन बसते. संपले. गुणपत्रिकेच्या शेऱ्यात मी लिहिले : 'वातावरण चांगले, परंतु काहीच घडत नाही. संकलन सैल.' कबूल करायला हवे की मधला काही भाग मी दीडपट वेगाने पाहिला होता. त्या दिवशी तो माझा सातवा किंवा आठवा लघुपट होता. माझ्या गुणांवर तो अंतिम फेरीत जाणे शक्य नव्हते; दुसऱ्या परीक्षकाचे गुण चांगले असल्यामुळे तो काठावर पोहोचला.

अंतिम फेरीत तो सभागृहात पाहिला. पहिली दहा मिनिटे सभागृहात एक बारीक घरघर भरून होती. तिच्याकडे कोणाचेही लक्ष नव्हते, माझेही नव्हते. कॅन्टीनवाल्याने जाताना फ्रीजचे बटण बंद केले आणि ती थांबली. ती थांबल्यावरच ती होती हे कळले. सभागृहातले सगळे लोक एकाच क्षणी थोडे ताठ बसले. मागे कोणीतरी खाकरले आणि त्या खाकरण्याचा आवाज त्यालाच नकोसा वाटला असावा. पुढची चार-पाच मिनिटे ती शांतता त्या दोन पात्रांवर आणि आमच्यावर सारखीच पसरून राहिली. रात्रीच्या बसस्थानकावर एकट्या मुलीला काय वाटत असेल, हे त्या लघुपटाने एका शब्दानेही सांगितले नव्हते. आवाज काढून घेऊन त्याने ते घडवले होते. मुलगी जागा बदलते ही कृती त्या शांततेचे उत्तर होते. माझ्या लॅपटॉपच्या बारक्या ध्वनिवर्धकांतून ती घरघर मुळात आलीच नव्हती. त्यामुळे तिचे थांबणेही आले नाही. 'काहीच घडत नाही' हा माझा शेरा माझ्यापुरता अक्षरशः खरा होता. नंतरच्या चर्चेत दिग्दर्शिकेने, एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीने, अत्यंत नम्रपणे विचारले, "सर, पहिल्या फेरीत पाहताना आपण हेडफोन लावले होते का?" शेरे स्पर्धकांना निनावी दिले जातात, कोणता शेरा कोणाचा हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तिने तो प्रश्न मंचावरील तिघांनाही विचारला होता. तिघांनीही वेगवेगळ्या शब्दांत नाही म्हटले.

या चुकीचे खापर यंत्रावर फोडून मोकळे होता येते. चांगले हेडफोन लावले असते तर घरघर ऐकू आली असती. परंतु सभागृहात जे घडले ते केवळ ऐकू येण्याने घडले असे मला वाटत नाही. संस्कृत नाट्यशास्त्रात प्रेक्षकाला 'सामाजिक' हा शब्द आहे आणि आपण तो फार सहजपणे 'रसिक' या शब्दाने बदलून टाकला आहे. रसनिष्पत्तीच्या चर्चेत अभिनवगुप्ताने सामाजिकांच्या एकघनतेचा उल्लेख केला आहे. सगळ्या प्रेक्षकांची प्रतीती एकवटलेली असल्यामुळे रसाचा परिपोष अधिक होतो, असा त्याचा आशय आहे. हे विधान उत्सवी समूहभावनेचे नाही. ते प्रतीतीच्या स्वरूपाविषयीचे आहे. शेजारचा माणूस ताठ बसला म्हणून मला ती शांतता 'माझी भीती' वा 'तिची भीती' अशी सुटी न राहता साधारण झाली. भट्टनायकाच्या साधारणीकरणाचा विचार आपल्याकडील समीक्षकांनी प्रामुख्याने विभावांच्या अंगाने केला; ज्यांच्यात ते घडते त्या बसलेल्या माणसांच्या अंगाने फारसा केला नाही.

याच विवेचनात अभिनवगुप्ताने रसविघ्नांची यादी दिली आहे. त्यांतील दोन विघ्ने आभासी परीक्षणाच्या संदर्भात वाचताना चमकायला होते. एक 'निजसुखादिविवशीभाव' : स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेला प्रेक्षक. दुसरे 'प्रतीत्युपायवैकल्य' : प्रतीतीच्या साधनांतच उणीव असणे. माझ्या बाबतीत दुसरे विघ्न ध्वनिवर्धकाचे होते आणि पहिले शेजारच्या खोलीतून येणाऱ्या भ्रमणध्वनीच्या आवाजाचे. महत्त्वाचे हे की पहिल्या विघ्नाचा परिहार अभिनवगुप्त प्रेक्षकाच्या मनोनिग्रहावर सोपवीत नाही. वाद्ये, गायन, सजवलेला मंडप ही त्यासाठी योजलेली साधने आहेत असे तो सांगतो. म्हणजे मंडप हा कलाकृतीची सोय नसून ग्रहणाच्या प्रक्रियेचा भाग आहे. लॅपटॉपसमोर बसलेल्या परीक्षकाला 'लक्ष देऊन पाहावे' असे सांगणे म्हणजे मंडपाचे काम त्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर टाकणे होय.

येथे एक आक्षेप स्वतःच उपस्थित केला पाहिजे, नाहीतर हा लेख गतकाळाच्या कढात विरून जाईल. ज्या सभेबद्दल आपण बोलत आहोत तिच्यात बसत कोण होते? संस्कृत नाटकाच्या सामाजिकाचे वर्ग आणि वर्ण सांगण्याची गरज नाही. आमच्या चित्रपट मंडळाच्या जुन्या सदस्ययादीतही प्राध्यापक, वकील, बँकेतील अधिकारी यांची आडनावे वाचली की बरेच काही कळते. रात्री साडेनऊला सुटणाऱ्या प्रदर्शनाला आसपासच्या खेड्यांतील मुलगी येऊच शकत नव्हती; शेवटची गाडी केव्हाच गेलेली असे. (वर वर्णिलेला लघुपट एका मुलीने केला, यात आश्चर्य नाही.) आभासी प्रदर्शनांत ती पहिल्यांदा आली. रविवारच्या चर्चांमध्ये वाडीवस्तीवरून, शेताच्या बांधावरून बोलणारे आवाज मी त्या काळात पहिल्यांदा ऐकले. नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' (२००९) हा लघुपट अहमदनगरला शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पारधी मुलाच्या शाळेच्या ओढीची ती गोष्ट ज्यांच्याविषयी आहे, त्यांतील किती जण कोणत्याही चित्रपट मंडळाचे सदस्य होते? दुव्याने हे दार उघडले हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

दुसरा आक्षेप सैद्धान्तिक आहे. रेमों बेलूर यांनी १९७५ साली चित्रपटाला 'हाती न लागणारी संहिता' म्हटले होते, कारण चित्रपट उद्धृत करता येत नाही. थांबवला की तो चित्रपट राहत नाही. लॉरा मल्व्ही यांनी २००६ सालच्या आपल्या पुस्तकात उलट बाजू मांडली : प्रेक्षकाच्या हाती थांबवण्याची सत्ता आल्यामुळे चिंतनशील प्रेक्षक शक्य झाला आहे. समीक्षक म्हणून मी याचा लाभार्थी आहे. पूर्वी चित्रपट-समीक्षा स्मरणातून लिहिली जाई आणि तिच्यात दृश्यांचे क्रम सर्रास चुकत. आज 'टू'मधील मुखवट्यांचा क्रम पुन्हा पाहून ताडता येतो. परंतु मल्व्ही यांचा प्रेक्षक थांबवतो तो अधिक पाहण्यासाठी. स्पर्धेचा परीक्षक पुढे पळवतो तो कमी पाहण्यासाठी. दोघांच्या हाती कळ तीच आहे. फरक तिच्यामागच्या गरजेत आहे, आणि ती गरज स्पर्धेच्या रचनेतून येते.

शिवाय थांबवण्याची क्रिया एकांताचीच असते असेही नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादुर 'पथेर पांचाली'ची दृश्यागणिक चिकित्सा करून चित्रपट कसा वाचावा हे शिकवीत. ते थांबणे वर्गातले होते, सगळ्यांनी मिळून केलेले. आभासी प्रदर्शनाने आपल्या हाती जी कळ दिली ती मंडळांनी या रीतीने वापरली असती तर कदाचित एक नवीनच सभा निर्माण झाली असती. प्रत्यक्षात चर्चा झाल्या त्या चित्रपट आधीच पाहून आलेल्यांच्या, आणि त्या बहुतेक 'विषया'भोवती फिरल्या : समस्या किती गंभीर आहे, दिग्दर्शकाला हे कसे सुचले. दृश्य समोर ठेवून कोणी बोलल्याचे थोडेच आठवते.

जे हरवले आहे त्याला साहित्यातील एक समांतर उदाहरण देता येईल. १९८२ साली बंद पडेपर्यंत 'सत्यकथे'त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी जे केले ते परीक्षण नव्हते. कथा परत येई ती टिपणासह. लेखक ती पुन्हा लिही. कधी हा व्यवहार महिनोन्महिने चाले. त्याला अभिरुचीची दंडेली म्हणणारेही होते आणि त्यांचेही काही खरे होते. पण लेखकाला निदान कळत असे की कोणीतरी आपले लेखन दोनदा वाचले आहे. स्पर्धेतून लघुपट परत येतो तो क्रमांकासह किंवा क्रमांकाविना. पुढच्या वर्षी तो मुलगा किंवा मुलगी दुसरा लघुपट घेऊन येते, आणि ज्याला क्रमांक मिळाला त्याच्यासारखा तो असतो. साचा पक्का होण्याचे हे यंत्र आहे. मंडळाने संपादकाची जागा घ्यावी, ही अपेक्षा भाबडी वाटेल. परंतु प्रेक्षक घडवण्याचे व्रत घेतलेल्या संस्थेने घ्यायची जागा तीच आहे.

'फँड्री'च्या (२०१३) शेवटी जब्याने भिरकावलेला दगड कॅमेऱ्याच्या दिशेने येतो, हे आता इतके चर्चिले गेले आहे की पुन्हा सांगू नये. तरी एक निरीक्षण नोंदवतो. चित्रपटगृहात तो दगड कोणा एकावर येत नाही. डुकरामागे धावणाऱ्या कुटुंबाला पाहून पडद्यावरचे गाव हसत असते, आणि अंधारात काही जण आपणही हसलो होतो हे आठवून गप्प होतात; दगड त्या सगळ्यांच्या मधोमध पडतो. भ्रमणध्वनीवर तो एका माणसाकडे येतो, आणि त्या माणसाचा अंगठा थांबवण्याच्या कळेवर असतो. त्याला लाज वाटणार नाही असे नाही. पण ती लाज कोणी पाहिलेली नसते.

आमच्या मंडळात यानंतर दोन बदल झाले. गुणपत्रिकेतील 'सामाजिक संदेश' हा रकाना काढण्याबद्दल बराच वाद झाला आणि तो शेवटी निम्म्या गुणांचा करून ठेवण्यात आला. प्रायोजकाला तो हवा होता. दुसरे असे की, प्राथमिक फेरी आता तीन परीक्षकांनी एका खोलीत बसून, भिंतीवर प्रक्षेपण करून, वेग न बदलता पाहायची असे ठरले. दूरच्या गावांतील सदस्यांना दुवा अजूनही पाठवला जातो आणि त्यांची लेखी मते खोलीत वाचली जातात. गेल्या खेपेला असे एक मत आमच्या तिघांच्याही मताविरुद्ध होते आणि त्यावर तासभर भांडण झाले. या पद्धतीत वेळ फार जातो आणि प्रवेशिकांवर मर्यादा घालावी लागते, अशी कार्यकारिणीची तक्रार आहे. ती खरी आहे. यंदा अनेक मुलांना प्रवेशिका भरूनही परत जावे लागले.